पोलादातील अवशिष्ट चुंबकत्व आणि त्याचे निराकरण : होकायंत्रापासून नळजोडणीपर्यंतचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

पोलादी नळाची दोन टोके समोरासमोर आणून ती विद्युत् प्रज्योतीने जोडताना कधी कधी एक चमत्कारिक अडचण उभी राहते. वेल्डरच्या हातातील रॉडपासून निघालेली ज्योत सांध्याच्या फटीत सरळ उतरण्याऐवजी एका अंगाला फेकली जाते. वितळलेला धातू फटीत न बसता एकाच कडेवर साचतो, शिंतोडे उडतात, ज्योत मध्येच विझते आणि वरून नीट दिसणाऱ्या सांध्याच्या मुळाशी न भरलेली जागा राहून जाते. कामगार या प्रकाराला ‘आर्क ब्लो’ म्हणतात. पुष्कळदा त्याचे कारण वेल्डरच्या हातात किंवा रॉडमध्ये नसून नळात असते. नळ स्वतःच चुंबक झालेला असतो.

प्रस्तुत लेखिका इतिहासाची अध्यापक आहे. त्यामुळे या विषयाकडे वळण्याचे कारण सांगणे आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी प्रथम वर्ष कला अर्धवट सोडून आयटीआयला गेलेला आमचा एक विद्यार्थी भेटावयास आला होता. तो नळवाहिनीच्या कामावर वेल्डर म्हणून लागला होता. एका आठवड्यात त्याचे अनेक सांधे क्ष-किरण तपासणीत नाकारले गेले, मजुरी कापली गेली आणि ‘हात बिघडला’ असा शेरा त्याच्या नावापुढे पडला. पुढे दुसऱ्याच एका पर्यवेक्षकाने नळाच्या तोंडाशी गॉसमापक धरला, तेव्हा आकडा ८० च्या वर गेला. “मॅडम, लोहचुंबक नळात शिरलं होतं आणि बोलणी मी खाल्ली,” असे तो हसत म्हणाला. त्याच्या या वाक्यात एक जुना ऐतिहासिक प्रश्न दडलेला आहे, हे त्या वेळी लक्षात आले नव्हते.

लोखंड चुंबकत्व धरून ठेवते, हा त्याचा मूळचा गुण आहे. शेतातल्या नांगराच्या फाळात किंवा घराच्या गजात ते असले तरी कोणाचे काही बिघडत नाही. एखादा व्यवसाय चुंबकाला बळी पडणाऱ्या नाजूक वस्तूवर विसंबू लागतो, तेव्हाच या गुणाचा ‘दोष’ होतो. ती वस्तू एकोणिसाव्या शतकात जहाजावरील होकायंत्राची सुई होती, दुसऱ्या महायुद्धात सागरी सुरुंगातील सुई होती आणि नळजोडणीत ती वेल्डरची ज्योत आहे. या तिन्ही प्रसंगी निघालेल्या उपायांचे मूळ तत्त्व एकच होते. मात्र उपाय सापडेपर्यंत, आणि काही वेळा सापडल्यावरही, लोखंडाचा दोष त्या लोखंडावर काम करणाऱ्या माणसाच्या पदरी बांधला गेला. प्रस्तुत निबंधात याच दोन धाग्यांचा मागोवा घेतला आहे.

लोहाराची ऐरण

विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याचा ‘दे माग्नेते’ हा लॅटिन ग्रंथ १६०० मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. पृथ्वी हा एक मोठा चुंबक आहे, या त्यातील प्रतिपादनाची चर्चा आपल्या पाठ्यपुस्तकांत असते. त्या ग्रंथातील एका चित्राकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. ऐरणीवर तापलेली सळई ठेवून लोहार ती ठोकीत आहे आणि चित्रात उत्तर व दक्षिण या दिशांची नावे लॅटिनमध्ये लिहिली आहेत. सळई उत्तर-दक्षिण धरून ठोकली आणि तशीच निवू दिली, तर ती चुंबक बनते, हे गिल्बर्ट यांना त्या चित्रातून दाखवावयाचे होते. इमारतीत वर्षानुवर्षे उत्तर-दक्षिण बसलेले लोखंडी गजही असेच चुंबक होतात, हेही त्यांनी नोंदविले आहे.

या निरीक्षणात आजच्या नळाच्या तक्रारीची तीन मूळ कारणे आली आहेत: पृथ्वीचे क्षेत्र, लांबट आकार आणि ठोके. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अत्यंत क्षीण, सुमारे अर्धा गॉस, असते. परंतु लांब लोखंडी वस्तू ते आपल्यात ओढून घेते आणि हातोड्याचा आघात किंवा सततचे हादरे आतील सूक्ष्म चुंबकीय विभागांना त्या दिशेने वळण्यास मदत करतात. असे विभाग असतात ही कल्पना प्येर वाइस यांनी १९०७ मध्ये मांडली. म्हणजे लोहाराने जे ऐरणीवर तीनशे वर्षे केले, त्याचे स्पष्टीकरण विज्ञानाला विसाव्या शतकात देता आले. लोखंड लालबुंद केले की त्याचे चुंबकत्व जाते, हेही गिल्बर्ट यांना ठाऊक होते. प्येर क्युरी यांनी १८९५ मध्ये या तापमान-मर्यादेचा पद्धतशीर अभ्यास केला. शुद्ध लोखंडासाठी ती सुमारे ७७० अंश सेल्सिअस आहे. तत्त्वतः हा चुंबकत्व घालविण्याचा हमखास उपाय होय. पण बारा मीटरचा नळ भट्टीत घालून लाल करणे आणि मग तो खंदकाशी आणणे कोणाला परवडणार?

लोखंडी जहाजे आणि ‘दोष कोणाचा’ हा वाद

जोपर्यंत जहाजे लाकडी होती, तोपर्यंत त्यांच्यातील लोखंड थोडे होते आणि त्यामुळे होकायंत्रात येणारी चूक खलाशी सांभाळून घेत. १८३० नंतर लोखंडी जहाजे बांधली जाऊ लागली आणि परिस्थिती पालटली. जहाज बांधणीच्या धक्क्यावर महिनोन् महिने एकाच दिशेला तोंड करून उभे असे. त्याच्या पत्र्यांवर रिव्हेट ठोकण्यासाठी लक्षावधी घाव पडत. गिल्बर्ट यांच्या चित्रातील सळईच जणू शंभर पावले लांब झाली होती. जहाज पाण्यात उतरे तेव्हा ते एक अजस्र चुंबक झालेले असे आणि त्याच्या पाठीवर होकायंत्राची बिचारी सुई ठेवलेली असे.

१८३८ मध्ये ‘रेनबो’ या लोखंडी आगबोटीवर इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज बिडेल एअरी यांनी प्रयोग केले. जहाज निरनिराळ्या दिशांना फिरवून त्यांनी सुईचे विचलन मोजले आणि होकायंत्राजवळ योग्य जागी कायम चुंबक व पेटीत भरलेल्या लोखंडी साखळ्या ठेवून ते रद्द करण्याची रीत बसविली. या रीतीत जहाजाचे चुंबकत्व नाहीसे होत नव्हते. सुईच्या जागेपुरते त्याच्याविरुद्ध तेवढेच क्षेत्र उभे केले जात होते. आजचा वेल्डर नळाभोवती केबल गुंडाळून सांध्याच्या फटीपुरते जे करतो, त्याची ही पूर्वपीठिका होय.

एअरी यांच्या रीतीतील एक गृहीतक मात्र फसवे होते. जहाजात ठोकून ठोकून भरलेले चुंबकत्व कायम टिकते, असे ते मानीत होते. विल्यम स्कोर्सबी यांचे मत याच्या उलट होते. ते देवमाशांच्या शिकारीवर जाणाऱ्या जहाजांचे कप्तान होते आणि पुढे धर्मोपदेशक झाले. बांधणीतील ठोक्यांनी आलेले चुंबकत्व समुद्राच्या तडाख्यांनी बदलू शकते, असे ते सांगत. ज्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे जहाजावर काढली, त्यांचे म्हणणे वेधशाळेतील गणिताला पटण्यास वेळ लागावा, हे आपल्या विद्यापीठीय जगात नवलाचे नाही.

या वादाला रक्ताचा डाग लागला तो १८५४ मध्ये. ‘टेलर’ हे नवेकोरे लोखंडी जहाज ऑस्ट्रेलियाला जाणारे प्रवासी घेऊन १९ जानेवारीला लिव्हरपूलहून निघाले. आपण आयरिश समुद्रातून दक्षिणेकडे चाललो आहोत, अशी कप्तानाची समजूत होती. प्रत्यक्षात जहाज पश्चिमेकडे सरकत होते. २१ जानेवारीला ते डब्लिनजवळच्या लँबे बेटावर आदळले आणि ३०० हून अधिक माणसे बुडाली. पुढील चौकशीचा इतिहास आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. होकायंत्रे नीट जुळविल्याखेरीज जहाज बंदराबाहेर जाऊ दिले, असा ठपका एका चौकशीत मालकांवर ठेवण्यात आला. व्यापार मंडळाने मात्र खराब हवेत कप्तानाने समुद्राची खोली मोजली नाही, यावर बोट ठेवले. दोन्ही गोष्टींत तथ्य होते. अपुरे प्रशिक्षित खलाशी आणि सुकाणूच्या अडचणी हीही कारणे सांगितली जातात. तेव्हा सारा दोष चुंबकत्वावर ढकलणे इतिहासाला धरून होणार नाही. तरीही अदृश्य कारण समोर असताना दृश्य माणसाकडे बोट वळणे किती सोपे असते, हे या प्रकरणावरून दिसते.

त्याच वर्षी लिव्हरपूल येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात स्कोर्सबी यांनी हा प्रश्न मांडला. पुढे लिव्हरपूलमध्ये होकायंत्रांच्या चौकशीसाठी समिती नेमली गेली. स्वतः स्कोर्सबी १८५६ मध्ये, वयाची पासष्टी उलटल्यावर, ‘रॉयल चार्टर’ या लोखंडी जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेले. विषुववृत्त ओलांडून दक्षिण गोलार्धात गेल्यावर जहाजाचे चुंबकत्व पालटते, हे त्यांनी वाटेत मोजून दाखविले. दुसऱ्याच वर्षी त्यांचे निधन झाले. लोखंडात राहिलेले चुंबकत्व कायमचे नसते, तसेच ते एकदा मोजून विसरण्यासारखेही नसते, हा या प्रवासाचा धडा होता. नळजोडणीच्या कामावर तो पुन्हा नव्याने शिकावा लागला.

गटिंगेन, कुलाबा, अलिबाग

लोखंडातील चुंबकत्व मोजावयाचे तर पृथ्वीचे क्षेत्र आधी नेमके ठाऊक हवे. कार्ल फ्रीडरिश गाउस आणि विल्हेल्म वेबर यांनी १८३० च्या दशकात गटिंगेन येथून हे काम सुरू केले आणि निरनिराळ्या देशांत एकाच वेळी वेध घेणाऱ्या केंद्रांची साखळी उभी केली. गाउस यांचेच नाव पुढे चुंबकीय क्षेत्राच्या एककाला मिळाले. इंग्रजी उच्चारानुसार आपण त्याला ‘गॉस’ म्हणतो.

या साखळीशी महाराष्ट्राचा प्रत्यक्ष संबंध आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापिलेल्या मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून एल्फिन्स्टनचे प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली चुंबकीय वेध सुरू झाले. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे आपले केरूनाना, विशीही न गाठता याच वेधशाळेत नोकरीस लागले होते. बाळशास्त्री जांभेकर यांनीही काही काळ तिची जबाबदारी सांभाळली. ‘दर्पण’कारांच्या आणि गणिती केरूनानांच्या चरित्रांत हा तपशील एका ओळीत येऊन जातो. ठरावीक वेळी उठून लटकत्या चुंबकाची सूक्ष्म हालचाल वाचावयाची, हे काम किती कंटाळवाणे आणि किती काटेकोर असेल, याची कल्पना ती ओळ देत नाही.

कुलाब्यातील वेधांना विसाव्या शतकाच्या आरंभी धोका निर्माण झाला तो मुंबईच्या विजेच्या ट्रामगाड्यांमुळे. रुळांतून व जमिनीतून परतणारा प्रवाह वेध बिघडविणार, हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी चुंबकीय वेधांचे काम अलिबागला हलविले. तेथील इमारत १९०४ मध्ये पोरबंदरी दगडाची, लोखंड कटाक्षाने वगळून बांधण्यात आली. दोन्ही ठिकाणचे वेध सुमारे दोन वर्षे समांतर घेऊन, १९०७ मध्ये विजेची ट्राम धावण्यापूर्वी, मालिका जुळवून घेण्यात आली. अलिबागला फिरावयास येणाऱ्यांची गर्दी किनाऱ्यावरून कुलाबा किल्ला पाहून परतते. जगातील दीर्घकाळ अखंड चाललेल्या चुंबकीय नोंदींपैकी एक मालिका जवळच आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांनाही क्वचितच माहीत असते.

अलिबागचा मार्ग जहाजांच्या मार्गाहून वेगळा होता. जेथे लोखंड टाळता येते, तेथे साधनच लोखंडापासून दूर न्यावे, असा तो मार्ग होता. जहाजाला किंवा नळाला तो उपलब्ध नाही. तेथे लोखंडाशीच निभावून घ्यावे लागते.

वाकडी वाट

लोखंडाच्या या स्वभावाला शास्त्रीय नाव मिळाले टोकियो येथे. जेम्स आल्फ्रेड यूइंग हे स्कॉटिश अभियंते १८७८ ते १८८३ या काळात तेथील विद्यापीठात शिकवीत होते. लोखंडावरील चुंबकीय क्षेत्र वाढवीत नेले आणि मग शून्यावर आणले, तर लोखंडातील चुंबकत्व शून्यावर येत नाही. ते मागे रेंगाळते. यूइंग यांनी ग्रीक शब्दावरून त्याला ‘हिस्टेरिसिस’ हे नाव दिले. जर्मनीत एमिल वारबुर्ग यांनी १८८१ मध्ये स्वतंत्रपणे हेच दाखविले होते. आलेखावर काढल्यास जाण्याची व येण्याची वाट वेगळी दिसते आणि एक बंद वळसा तयार होतो.

चुंबकत्व घालविण्याची प्रत्येक कार्यक्षम रीत या वळशावरच आधारलेली आहे. क्षेत्राची दिशा पुनःपुन्हा उलटवावयाची आणि प्रत्येक वेळी जोर थोडा कमी करावयाचा; वळसे लहान लहान होत मध्यबिंदूशी येतात आणि लोखंड जवळजवळ निर्लेप होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जनित्रांजवळ वावरणाऱ्यांची खिशातील घड्याळे चुंबकित होऊन बंद पडू लागली, तेव्हा घड्याळजी हेच करीत: प्रत्यावर्ती प्रवाहाच्या वेटोळ्यात घड्याळ धरून हळूहळू दूर नेत. जाता जाता सांगावयाचे तर, याच यूइंग यांनी पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या गुप्तलिपी-उकल विभागाचे प्रमुखपद सांभाळले. पण नौदलाला त्यांच्या चुंबकशास्त्राची खरी निकड भासली ती त्यांच्या मृत्यूनंतर, पुढच्या युद्धात.

शूबरीनेसचा चिखल

१९३९ च्या शरद ऋतूत ब्रिटिश बंदरांच्या तोंडाशी जहाजे कशालाही न धडकता फुटू लागली. समुद्रतळावर पडून राहणारे जर्मन चुंबकीय सुरुंग हे त्याचे कारण होते. वरून जाणाऱ्या जहाजाच्या चुंबकत्वामुळे सुरुंगातील सुई हलली की स्फोट होई. २२ नोव्हेंबरच्या रात्री विमानातून टाकलेले असे सुरुंग टेम्स नदीच्या मुखाजवळ शूबरीनेस येथे ओहोटीच्या चिखलात सापडले. दुसऱ्या दिवशी लेफ्टनंट कमांडर जॉन उव्हरी आणि त्यांचे सहकारी यांनी त्यांपैकी एक उकलला. लोखंडाची हत्यारे वापरणे म्हणजे मरण ओढवून घेणे होते, म्हणून चुंबकाला न ओढणाऱ्या धातूची हत्यारे करवून घेण्यात आली. किनाऱ्यावर थांबलेल्यांना कळावे म्हणून उव्हरी प्रत्येक पायरी आधी सांगून मग करीत. काही विपरीत घडलेच, तर पुढच्या माणसाला चूक कोठे झाली ते समजावे.

उत्तर गोलार्धात बांधलेल्या जहाजाचा उत्तर ध्रुव सर्वसाधारणपणे खालच्या बाजूस असतो. सुरुंग नेमका त्यासाठी जुळविलेला होता. एअरी आणि स्कोर्सबी ज्या गुणाशी झगडले, तोच आता शत्रूने शस्त्र म्हणून वापरला होता. पोर्टस्मथ येथील नौदलाच्या ‘एच.एम.एस. व्हर्नन’ या आस्थापनेत मूळचे कॅनडाचे रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स गुडईव्ह आणि भूभौतिकीचे अभ्यासक एडवर्ड बुलर्ड यांनी उपाय हाती घेतला. जहाजाच्या अंगाभोवती तारांचे वेटोळे बसवून त्यातून प्रवाह सोडावयाचा, म्हणजे विरुद्ध क्षेत्र निर्माण होऊन जहाज सुरुंगाला दिसेनासे होते. या क्रियेला गुडईव्ह यांनी ‘डीगॉसिंग’ हे नाव दिले. जर्मन गणितज्ञाच्या नावावरून जर्मन शस्त्राच्या उताऱ्याचे नाव पडावे, यात त्या काळाचा थोडा खोडकरपणाही असावा.

प्रत्येक लहान जहाजावर वेटोळे बसविणे शक्य नव्हते. म्हणून दुसरी, स्वस्त रीत निघाली. सुमारे २००० अँपिअर प्रवाह वाहणारी जाड केबल जहाजाच्या कुशीवरून घासत वर ओढावयाची. खलाशी तिला ‘पुसणे’ म्हणत. मे-जून १९४० मध्ये डंकर्कहून सैन्य परत आणताना शेकडो बोटी अशा घाईघाईने पुसण्यात आल्या. हा परिणाम कायमचा नव्हता. काही महिन्यांच्या प्रवासात पृथ्वीचे क्षेत्र आणि लाटांचे हादरे जहाजाला पुन्हा चुंबकित करीत आणि पुसण्याचे काम पुन्हा करावे लागे. स्कोर्सबी यांनी हेच सांगितले होते.

प्रज्योत

आता तिसऱ्या वस्तूकडे, म्हणजे ज्योतीकडे वळू. हम्फ्री डेव्ही यांनी १८२१ मध्येच दाखविले होते की दोन कोळशांमधील विद्युत् प्रज्योत चुंबक जवळ नेताच वळते. ज्योत म्हणजे अखेर प्रवाह वाहून नेणारा तप्त वायू. तारेवर चुंबकाचा जोर चालतो तसा तिच्यावरही चालतो आणि तारेसारखा ताठपणा तिच्या अंगी नसल्याने ती चटकन झुकते. म्हणजे आर्क ब्लोचे तत्त्व वेल्डिंग जन्माला येण्यापूर्वी साठ वर्षे ज्ञात होते. निकोलाय बेनार्दोस आणि स्टानिस्लाव ओल्शेव्स्की यांनी कार्बन-प्रज्योतीने धातू जोडण्याचे पेटंट १८८५ मध्ये घेतले. धातूचाच रॉड वापरण्याची निकोलाय स्लाव्ह्यानोव्ह यांची रीत १८८८ ची.

तरीही नळजोडणीत ही तक्रार दीर्घकाळ दिसत नाही. तिचे कारण साधे आहे. आरंभीचे जोडलेले लांब नळमार्ग, उदाहरणार्थ १९११ मधील फिलाडेल्फियाजवळचा, ऑक्सिजन-अ‍ॅसिटिलीन वायूच्या ज्वाळेने जोडले गेले. त्या ज्वाळेतून वीज वाहत नाही. नळ कितीही चुंबकित असला तरी तिला त्याचे सोयरसुतक नसते. सी. जे. होल्स्लॅग यांनी १९१९ मध्ये प्रत्यावर्ती प्रवाहाचे वेल्डिंग पुढे आणले. त्यात प्रवाहाची दिशा सतत पालटत असल्याने ज्योत फारशी भरकटत नाही. परंतु रानावनांत इंजिनावर चालणारे, एकदिश प्रवाहाचे वेल्डिंग यंत्र सोयीचे ठरले, आणि १९३० च्या दशकापासून नळमार्गांवर विद्युत् प्रज्योतीचे राज्य सुरू झाले. म्हणजे नळातील चुंबकत्वाला ‘दोष’ ही पदवी मिळाली ती नळ बदलल्यामुळे नव्हे. जोडण्याची रीत बदलली, हे तिचे कारण होते.

नळात चुंबकत्व येते कोठून? कारखान्यात विद्युत्-चुंबकी क्रेनने उचलताना, चुंबकीय कणांच्या साहाय्याने भेगा शोधताना, वाहतुकीच्या हादऱ्यांतून, आणि महिनोन् महिने एका दिशेत पडून राहिल्याने. स्वतंत्र पडलेल्या नळाच्या तोंडाशी मोजलेला आकडा मात्र फसवा असतो. दोन नळ दोन-तीन मिलिमीटरच्या फटीने समोरासमोर आले की त्या फटीत चुंबकीय रेषा एकवटतात आणि आकडा कितीतरी पटीने वाढतो. म्हणूनच मोजणी नळ जुळवून झाल्यावर, फटीतच करावी लागते. सर्वसाधारण अनुभव असा की, २० गॉसपर्यंत काम निभावते, २० ते ४० दरम्यान ज्योत चंचल होते आणि ४० च्या पुढे पहिला थर नीट बसणे कठीण जाते. ४० गॉस म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे ऐंशीपट. पहिला थर एकदा बसला की रेषांना त्याच धातूतून वाट मिळते आणि पुढच्या थरांना त्रास कमी होतो. सारी लढाई मुळाशीच असते, आणि दोषही मुळाशीच, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी, राहतो.

उपाय पाहिले की पोर्टस्मथची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूंना वेल्डिंगची केबल अनेक वेढे देऊन गुंडाळतात, तिच्यातून एकदिश प्रवाह सोडतात आणि गॉसमापकाकडे पाहत तो वाढवीत नेतात. आकडा वाढू लागला तर दिशा उलटवितात. फटीतील क्षेत्र शून्याजवळ आले की तो प्रवाह तसाच ठेवून पहिला थर भरतात. हे झाले जहाजावरचे वेटोळे. नळाचे टोक आधीच निर्लेप करावयाचे असेल, तर प्रवाहाची दिशा उलटसुलट करीत त्याचा जोर उतरवीत नेतात. ही घड्याळजींची आणि यूइंग यांच्या वळशाची रीत. आणि ‘पुसलेले’ जहाज पुन्हा चुंबकित होई, तसेच निर्लेप केलेले टोक एखाद्या लांब, चुंबकित नळमार्गाला भिडविले की त्यात पुन्हा क्षेत्र उतरते. म्हणून कालचे मापन आज उपयोगी पडत नाही. साध्या कामावर जुना वेल्डर अर्थिंगची पकड एका जागेवरून दुसरीकडे नेऊन पाहतो किंवा ज्योत आखूड ठेवतो. गॉसमापक नसतानाही तो रोगाचा अंदाज बांधतो. त्याचे हे ज्ञान कोणत्या ग्रंथातून आलेले नसते, पण गिल्बर्ट यांचे तरी कोठून आले होते?

तपासणीतून आलेला दोष

एक विपर्यास नोंदविल्याखेरीज हा इतिहास पुरा होत नाही. १९६० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत ट्युबोस्कोप कंपनीने नळमार्गाच्या आतून तेलाबरोबर वाहत जाणारे तपासणी-यंत्र वापरात आणले. ते जबर चुंबकांनी नळाची भिंत चुंबकित करते आणि जेथे गंजामुळे भिंत पातळ झाली असेल, तेथे बाहेर निसटणाऱ्या रेषा टिपते. जमिनीखालील नळ न उकरता तपासण्याची ही रीत अत्यंत उपकारक ठरली आणि आज जगभर रूढ आहे. परंतु यंत्र पुढे निघून गेल्यावर मागे नळात चुंबकत्व उरते. त्याच तपासणीत सापडलेला सडका तुकडा कापून नवा जोडावयास वेल्डर येतो, तेव्हा त्याची ज्योत पळते. दोष शोधणाऱ्या साधनाने दुरुस्तीच्या वाटेत नवा दोष पेरलेला असतो आणि नाकारलेल्या सांध्यावर नाव मात्र शेवटी हात लावणाऱ्याचे असते.

मुंबई हायचे तेल व वायू १९७८ पासून समुद्रतळावरील नळांनी उरणला येऊ लागले. रायगड जिल्ह्यात त्यानंतर नळांचे जाळे वाढत गेले आणि आमच्या भागातील कित्येक मुलांना आयटीआयमधून थेट या कामांवर जाण्याची वाट मिळाली. ज्या जिल्ह्यात चुंबकीय वेधशाळा लोखंडापासून पळून आली, त्याच जिल्ह्यात ही मुले चुंबकित लोखंडाशी रोज झगडत आहेत.

निबंधाच्या आरंभी उल्लेखिलेला विद्यार्थी नंतर एकदा त्याची कामाची नोंदवही घेऊन आला होता. सांधा क्रमांक, तारीख, नळाची जाडी, रॉडचा प्रकार, वेल्डरची खूण, क्ष-किरणाचा निकाल, असे छापील रकाने तीत होते. शेवटच्या रकान्याच्या उजवीकडे, कोऱ्या समासात, त्याने पेन्सिलीने प्रत्येक सांध्यासमोर एक आकडा लिहिला होता: १२, ९, ३५, ६२, १४. वर शीर्षक नव्हते. काय आहे ते विचारले तेव्हा तो म्हणाला, “गॉस. कुणी विचारत नाही मॅडम, पण मी आता आधी मोजतो आणि लिहून ठेवतो.”